घाईने येणाऱ्या जहाजाचा धूर

अर्नाळा, पाचूबंदरच्या मच्छीमारांसाठी हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही केंद्र सरकारची संस्था मासळीचा अंदाज देते. समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान आणि पाण्यातले हरितद्रव्य उपग्रहांवरून टिपून, मासळी कुठे सापडण्याची शक्यता आहे ते ती कळवते. अंदाज चुकतोही. पण बरोबर ठरला की शोधाशोध वाचते आणि त्यात जळणारे डिझेलही. लांब क्षितिजावरून जाणाऱ्या मालवाहू जहाजांचा हिशेबही हाच आहे, फक्त त्यांचे तेल टनांत मोजतात.

या तेलाच्या धुरात गंधकाची, नायट्रोजनची ऑक्साइडे असतात आणि केसाच्या जाडीच्या तिसाव्या भागाहूनही बारीक कण असतात. ते नाकात अडकत नाहीत, थेट फुप्फुसातल्या वायुकोशांपर्यंत पोहोचतात. दमेकऱ्याला त्रास लवकर जाणवतो. हृदयावरचा परिणाम मात्र मुकाट होत राहतो. दुपारचे खारे वारे समुद्रावरची हवा जमिनीकडेच आणतात. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने १ जानेवारी २०२० पासून जहाजांच्या तेलातील गंधकाची मर्यादा साडेतीन टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्यावर आणली. हा नियम पाच वर्षे लांबला असता, तर जगभरात ५ लाख ७० हजारांहून अधिक जादा अकाली मृत्यू झाले असते, असा संघटनेपुढे मांडलेल्या अभ्यासाचा अंदाज होता.

तेल सुधारले, तरी ते कमी जाळणे उरतेच. जहाजे बरेचदा भरधाव येतात आणि बंदराबाहेर नांगर टाकून धक्का मोकळा होण्याची वाट पाहत बसतात. फाटक बंद दिसत असताना रिक्षा दामटावी, तसा हा प्रकार. वेग दहा टक्के कमी केला, तर तेवढ्याच अंतराला तेल साधारण १९ टक्के कमी लागते. धक्का केव्हा रिकामा होणार हे बंदराच्या संगणकाने दोन दिवस आधी कळवले, तर जहाज सावकाश येऊ शकते. वारा आणि लाटा पाहून मार्ग बदलणे, तळाला शेवाळ, शिंपले चिकटून तेल जास्त लागतेय का हे इंजिनाच्या नोंदींवरून ओळखणे, हीही संगणकाचीच कामे. २०२३ पासून मोठ्या जहाजांना कार्बन उत्सर्जनानुसार ‘ए’ ते ‘ई’ अशी श्रेणी मिळते, त्यामुळे कंपन्यांना या नोंदी टाळता येत नाहीत.

अडचण यंत्रांची कमी, करारांची जास्त. अनेक भाडेकरारांत जहाजाने शक्य तितक्या लवकर पोहोचावे अशीच अट असते. सावकाश येणारा मग कायद्याने दोषी ठरतो! जहाजमालक, मालाचा मालक आणि बंदर यांनी वाचलेल्या तेलाचा फायदा वाटून घेतल्याशिवाय नुसते सॉफ्टवेअर काय करणार?

आपल्या जिल्ह्यात वाढवण बंदराची पायाभरणी ऑगस्ट २०२४ मध्ये झाली. धक्क्याला लागलेले जहाजही विजेसाठी इंजिन चालवतच असते. किनाऱ्यावरून वीज दिली, तर ते बंद ठेवता येते. ही सोय पहिल्या धक्क्यापासून हवी. डहाणू ते वसई हवेतील सूक्ष्म कणांची नोंदही आजपासूनच ठेवायला हवी. मोजणी बंदर सुरू झाल्यावर हाती घेतली, तर तुलनेसाठी आधीचा आकडाच नसेल.