सिनेमा कुणाची बाजू घेतो?

मार्च २०२५ मधली गोष्ट. आपल्या रावेरच्या पुढे, बऱ्हाणपूर ओलांडून असीरगडाच्या पायथ्याशी रात्रीच्या वेळी शेतांत उजेड दिसू लागला. माणसे टॉर्च आणि मेटल डिटेक्टर घेऊन वावरे खोदत होती. कशासाठी, तर मोगलांच्या सोन्याच्या मोहरांसाठी! त्या भागात जुनी नाणी सापडल्याची कुजबुज आधीपासून होतीच, पण लोक धावले ते ‘छावा’ हा चित्रपट पाहून. १४ फेब्रुवारीला तो प्रदर्शित झाला होता आणि त्यात सुरुवातीलाच संभाजी महाराजांची फौज बऱ्हाणपूरवर छापा घालते. बऱ्हाणपूर म्हणजे मोगलांच्या खानदेश सुभ्याचे मुख्य ठाणे, आपलेच एके काळचे राजधानीचे गाव. छापा खरा आहे, १६८१ चा. पण मराठ्यांनी शहर लुटून नेले, तर सोने असीरगडच्या शेतात कशाला उरेल? एवढा साधा प्रश्नही खोदणाऱ्यांना पडला नाही.

याला आपण हसून सोडून देऊ. पण त्याच महिन्यात, १७ मार्चला, औरंगजेबाच्या कबरीच्या वादातून नागपुरात दंगल झाली आणि पुढे एका जखमीचा मृत्यू झाला. दुसऱ्या दिवशी विधानसभेत मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सांगितले, की ‘छावा’मुळे औरंगजेबाविषयीच्या लोकभावना भडकल्या आहेत. पडद्यावर पाहिलेले माणूस खरे धरून चालतो, मग हातात कुदळ असो की दगड.

तेव्हा लोकप्रिय सिनेमा राजकीय बाजू घेतो का, या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे. घेतो. नेहमीच घेत आला आहे. अवघड आहे ते ही बाजू नेमकी कुठे शिरते हे ओळखणे. आपण ती नायकाच्या संवादांत शोधतो. तिथे ती फार थोडी असते.

‘छावा’चेच पाहा. प्रदर्शनापूर्वी संभाजी महाराज लेझीम खेळतात, या दृश्यावर आक्षेप आला. दिग्दर्शक लक्ष्मण उतेकर यांनी ते काढून टाकले. नंतर गणोजी आणि कान्होजी यांना फितूर दाखवल्याबद्दल शिर्के घराण्याच्या वंशजांनी हरकत घेतली. उतेकरांनी जाहीर दिलगिरी व्यक्त केली. आपण आडनाव कुठेच घेतलेले नाही, असा त्यांचा खुलासा होता. तिकडे मध्य प्रदेश आणि गोव्याच्या सरकारांनी चित्रपट करमुक्त केला. महाराष्ट्रातही तशी मागणी झाली, तेव्हा आपल्याकडे करमणूक करच २०१७ मध्ये रद्द झाला आहे, याची आठवण मुख्यमंत्र्यांना करून द्यावी लागली. म्हणजे ज्यांच्या मागे घराणे, संघटना किंवा सरकार आहे, त्यांचे म्हणणे दिग्दर्शकापर्यंत पोहोचते. ज्यांच्या मागे कुणी नाही, ते पडद्यावर जसे दाखवले तसेच राहतात. माझ्या मते खरा कल इथे तयार होतो.

दुसरी जागा म्हणजे तारीख. आनंद दिघे यांच्यावरचा ‘धर्मवीर’ १३ मे २०२२ रोजी लागला. दिघे यांचे शिष्य म्हणून एकनाथ शिंदे त्यात ठळकपणे येतात. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात शिंदे यांनी शिवसेनेत बंड केले आणि आपल्या जळगाव जिल्ह्यातले सेनेचे चारही आमदार त्यांच्याबरोबर गेले. दुसरा भाग २७ सप्टेंबर २०२४ ला आला. विधानसभेचे मतदान २० नोव्हेंबरला होते. कुणी योगायोग म्हणेल, कुणी नियोजन. प्रेक्षकाने दिनदर्शिका पाहायला काय हरकत आहे?

हे फक्त आजच्यांनीच केले असेही नाही. आणीबाणीत ‘किस्सा कुर्सी का’ची मूळ फिल्मच नष्ट करण्यात आली होती.

आणि आपल्याला पटणारी बाजू तर आपल्याला दिसतच नाही. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिकवलेल्या साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिले. त्यात आई श्यामला एका दलित म्हातारीची मोळी उचलून द्यायला पाठवते. त्या काळी ही उघड उघड राजकीय भूमिका होती. त्या पुस्तकावरच्या अत्र्यांच्या चित्रपटाला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले. आपण मात्र तो पाहताना डोळे पुसतो, त्याला प्रचार म्हणत नाही.

मग बाजू घेणारा चांगला सिनेमा असू शकतो का? आपल्या शिरपूरच्या शिवाजीराव पाटील यांची मुलगी स्मिता ज्यात होती, तो श्याम बेनेगल यांचा १९७६ चा ‘मंथन’ आठवा. गुजरातच्या ५ लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी २ रुपये घालून तो काढला. सहकाराचा प्रचार हाच त्याचा हेतू होता आणि निर्माते म्हणून शेतकऱ्यांचा उल्लेख पडद्यावर सुरुवातीलाच येतो. पैसा कुणाचा, हे कुणापासून लपवलेले नव्हते. आणि तरीही विजय तेंडुलकरांच्या या पटकथेत सहकार सहज जिंकत नाही. खासगी डेअरीचा मालक मिश्रा गोड बोलणारा, हिशेबी माणूस आहे, नुसता राक्षस नाही. स्मिताची बिंदू दबावाखाली डॉक्टर रावांविरुद्धच्या खोट्या तक्रारीवर अंगठा देते. डॉक्टर हरून गाव सोडतात. सोसायटी पुढे न्यायची ती गावातल्याच भोलाने. ज्यांच्या पैशाने चित्रपट निघाला, त्यांच्याच चळवळीतली जातीची भांडणे त्यात दिसतात, आणि तेच शेतकरी ट्रक भरभरून तो पाहायला गेले.