खाडीला अजीर्ण होते तेव्हा

अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर ऱ्होड आयलंड नावाचे एक चिमुकले राज्य आहे. नॅरागॅन्सेट ही तिथली मोठी खाडी आणि ग्रीनिच ही तिचीच एक उपखाडी. २० ऑगस्ट २००३ रोजी या उपखाडीच्या काठावर मेलेल्या माशांचा खच पडला. त्यांत बहुतेक मेनहेडन जातीचे, म्हणजे आपल्या तारलीसारखे थव्याने फिरणारे मासे होते. त्यांची संख्या दहा लाखांच्या घरात गेली. पाण्यात कुणी विष कालवले नव्हते की तेलाचे जहाज फुटले नव्हते. मासे गुदमरून मेले होते.

मासा आणि पाण्यात गुदमरला? होय. माशालाही ऑक्सिजन, म्हणजे प्राणवायू, लागतोच. तो पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन कल्ल्यांवाटे घेतो आणि पाण्यात हा वायू फार थोडा असतो. एक लिटर हवेत सुमारे २७५ मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो. खाडीच्या २५ अंश तापमानाच्या एक लिटर खारट पाण्यात मात्र जेमतेम ७ मिलिग्रॅम. ही पुंजी लिटरला २ मिलिग्रॅमच्या खाली गेली, की बहुतेक मासे तिथे तग धरू शकत नाहीत.

मग ही पुंजी खर्च कोण करते? गंमत अशी, की त्याची सुरुवात अन्नापासून होते.

शहराच्या सांडपाण्यात आणि शेतातून वाहून येणाऱ्या खतात नायट्रोजन व फॉस्फरस ही पोषकद्रव्ये असतात. शेतातल्या पिकाला ती हवीत, तशीच पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींनाही, म्हणजे वनस्पतिप्लवकांनाही हवीत. प्लवक हे खाडीचे गवतच. ते खाऊन लहान जीव जगतात आणि लहान जिवांवर मासे. म्हणजे पोषकद्रव्ये वाढली, की खाडीचा चारा वाढतो. शिवाय उन्हात प्लवक ऑक्सिजन सोडतात. मग चारा वाढल्यावर ऑक्सिजन कमी का व्हावा?

याचे उत्तर जागेत आहे. प्लवक वाढतात वर, उजेडात. मेल्यावर ते बसतात खाली, काळोखात. तिथे जीवाणू त्यांना कुजवतात आणि त्या कामात ऑक्सिजन वापरतात. वर तयार झालेला जादा ऑक्सिजन हवेत निघून जातो. खालचा खर्च मात्र चालूच राहतो.

वरचे पाणी खाली मिसळले तर तूट भरून निघेल. पण खाडीत नदीचे गोडे, हलके पाणी वर आणि समुद्राचे खारे, जड पाणी खाली असे थर होऊ शकतात. हे तुम्हांला वर्गात पाहता येईल. काचेच्या पेल्यात अर्ध्यापर्यंत खूप मीठ विरघळवलेले पाणी घ्या. चमच्याच्या पाठीवरून त्यावर रंगीत गोडे पाणी अगदी हळू सोडा. रंगीत थर वरच राहील. पेला ढवळला, की थर मोडतो. खाडीत ढवळण्याचे काम वारा आणि भरती-ओहोटी करतात. २००३ च्या त्या ऑगस्टात पाणी कोमट होते आणि वारा मंद. चंद्र अर्धा, म्हणजे भांगाचे दिवस, त्यामुळे भरती-ओहोटीलाही जोर नव्हता. खाडी ढवळली गेली नाही.

आता थोडा हिशेब करू. आल्फ्रेड रेडफिल्ड या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९३४ साली दाखवले, की समुद्रातल्या प्लवकांत कार्बन, नायट्रोजन आणि फॉस्फरस यांचे प्रमाण जवळपास ठरलेले असते. आज ते अणूंच्या संख्येत १०६ : १६ : १ असे मानतात. यावरून गणित केले, तर १ ग्रॅम नायट्रोजनवर वाढलेले प्लवक पूर्ण कुजायला सुमारे १५ ग्रॅम ऑक्सिजन लागतो. म्हणजे दोन हजार लिटरहून अधिक पाण्यातला सगळा ऑक्सिजन!

नॅरागॅन्सेट खाडीचा असाच जमाखर्च ऱ्होड आयलंड विद्यापीठातले सागरशास्त्रज्ञ स्कॉट निक्सन (१९४३–२०१२) यांनी सुमारे चाळीस वर्षे मांडला. १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांनी आणि सहकाऱ्यांनी खाडीच्या तळाचा गाळ तपासला. गाळ किती ऑक्सिजन घेतो आणि किती नायट्रोजन परत देतो, हे मोजले. ऑक्सिजनच्या खर्चावरून जेवढा नायट्रोजन परत यायला हवा, त्याहून बराच कमी आला. उरलेला गेला कुठे? त्यांच्या गटातल्या सिबिल साइट्झिंगर यांनी १९८० च्या सुमारास त्याचा माग काढला. गाळातले काही जीवाणू नायट्रेटमधला ऑक्सिजन वापरून घेतात आणि उरलेला नायट्रोजन वायुरूपाने हवेत जातो. खाडी आपल्या ताटातले थोडे अन्न स्वतःच बाजूला सारत होती.

पुढे १९८१ ते १९८३ या काळात विद्यापीठात मोठा प्रयोग झाला. प्रत्येकी तेरा हजार लिटरच्या उंच टाक्यांत खाडीचे पाणी आणि तळाशी खाडीचाच गाळ ठेवला. काही टाक्यांना जादा काहीच दिले नाही. बाकीच्यांना पोषकद्रव्यांचा खुराक एकपट, दुप्पट, चौपट असा थेट बत्तीसपटीपर्यंत दिला. प्लवक वाढले, पण बत्तीसपट खुराकाने बत्तीसपट नव्हे, त्याहून पुष्कळ कमी. कारण नुसते खत पुरत नाही. गर्दी झाली की प्लवक एकमेकांचाच उजेड अडवतात. यावरून दिसले, की पाण्यात खत किती पडले एवढे सांगून भागत नाही. म्हणून १९९५ साली निक्सन यांनी अतिपोषणाची नवी व्याख्या मांडली : जलाशयाला सेंद्रिय पदार्थ मिळण्याचा वेग वाढणे म्हणजे अतिपोषण. अजीर्ण ताटातल्या अन्नाने होत नाही, पोटात गेलेल्या अन्नाने होते, तसेच हे.

पण पोषकद्रव्ये हा शत्रू आहे, असे निक्सन यांनी कधी मानले नाही. २००४ साली त्यांनी इजिप्तच्या नाईल नदीचे उदाहरण मांडले. आस्वानच्या मोठ्या धरणामुळे १९६५ पासून नाईलचा पूर समुद्रापर्यंत पोचेनासा झाला. पुराबरोबर येणारी पोषकद्रव्ये थांबली आणि नदीच्या मुखाजवळची मासेमारी कोसळली. १९८० च्या दशकात ती पुन्हा वाढू लागली. निक्सन यांच्या मते त्याचे श्रेय शेतांतल्या रासायनिक खताला आणि कैरो, अलेक्झांड्रिया या शहरांच्या सांडपाण्याला होते. एकीकडे सांडपाण्याने मासे पोसले, दुसरीकडे गुदमरवले. भरपूर ढवळल्या जाणाऱ्या मोकळ्या समुद्राला जे पचते, ते अरुंद, उथळ, थर धरणाऱ्या खाडीला पचत नाही.

ग्रीनिचच्या घटनेनंतर २००४ साली ऱ्होड आयलंडने कायदा केला. सांडपाण्याच्या केंद्रांतून उन्हाळ्यात खाडीत जाणारा नायट्रोजन निम्म्यावर आणायचा, असे ठरले. त्यासाठी केंद्रांत वापरले जीवाणूच, खाडीच्या गाळात नायट्रोजनचा वायू करणाऱ्यांचेच भाऊबंद! पुढच्या दशकात नायट्रोजन निम्म्याहून कमी झाला आणि पाणी अधिक नितळ झाले. पण नितळ पाण्यात चाराही कमी असतो. त्यामुळे तिसऱ्यांसारखे शिंपले काढणारे मच्छीमार विचारू लागले, की आता खाडी उपाशी तर राहत नाही ना? पोषण घटले तर काय होते याचाही अभ्यास हवा, असे निक्सन यांनी २००९ मध्येच लिहिले होते. खाडीला किती वाढावे, याचे उत्तर मोजमाप करतच शोधावे लागते.

शेवटी एक गणित. माणसाच्या शरीरातून रोज सुमारे १० ग्रॅम नायट्रोजन बाहेर पडतो. तो सगळा खाडीत जाऊन प्लवकांत उतरला आणि ते सगळे तळाशी कुजले, तर किती लिटर पाण्यातला ऑक्सिजन संपेल? लिटरला ७ मिलिग्रॅम धरा. उत्तर येईल एकवीस हजार लिटरहून थोडे जास्त, एका माणसाचे, एका दिवसाचे. आता त्याला आपल्या गावाच्या लोकसंख्येने गुणा, आणि गावाचे सांडपाणी कुठे जाते तेही शिक्षकांना विचारा.