शिल्ड आणि शड्डू

३० ऑगस्ट १९२१. कलकत्त्याच्या यतींद्रचरण ऊर्फ गोबर गुहा या पैलवानाने सॅन फ्रान्सिस्कोत अ‍ॅड सँटेलला हरवलं आणि व्यावसायिक कुस्तीत लाइट हेवीवेट गटाचं जागतिक विजेतेपद मिळवलं. अमेरिकेत तो हंगाम बेब रूथच्या ५९ होम रनचा होता. बेसबॉलने झपाटलेल्या त्या देशात कुस्ती मागे पडावी, हे समजू शकतं. पण कलकत्त्याने गोबरबाबूंना विसरावं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

घराणंच कुस्तीचं. आजोबा अंबूबाबूंच्या आखाड्यात तरुण नरेंद्रनाथ दत्त, म्हणजे पुढचे विवेकानंद, कुस्ती शिकले. गोबरबाबूंच्या हाताखाली मन्ना डे यांनीही अंगाला माती लावली होती. आपण त्यांची मराठी गाणी आवडीने ऐकतो, पण त्यांच्यातला पैलवान फारसा कुणाला ठाऊक नाही.

तरीही शहराच्या मनात घर केलं ते फुटबॉलने. २९ जुलै १९११ रोजी मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ असं हरवून आयएफए शिल्ड जिंकलं. अकरापैकी दहा जण अनवाणी खेळले होते. गोऱ्या साहेबाला हजारोंच्या डोळ्यांदेखत, घरच्या मैदानावर हरवलेलं पाहणं ही गोष्टच वेगळी होती. गोबरबाबूंचा विजय सातासमुद्रापार झाला. तो गावाने पाहिला नाही. शिवाय पैलवान थकला की त्याचं नाव घेणारे पांगतात. क्लबाचं तसं नसतं. खेळाडू जातात, रंग राहतात, बापाचा संघ तोच पोराचा होतो. १९२० मध्ये ईस्ट बंगाल निघाला आणि पुढे फाळणीत घरदार सुटलेल्यांना लाल-पिवळ्या जर्सीत आपलं माणूस सापडलं. १३ जुलै १९९७ च्या मोहन बागान-ईस्ट बंगाल सामन्याला सॉल्ट लेकवर १,३१,७८१ प्रेक्षक होते.

कुस्तीचीही हवा मधूनमधून आली. १९५९ मध्ये याच शहरात दारासिंगांनी जॉर्ज गॉर्डिएंकोला हरवून राष्ट्रकुल विजेतेपद मिळवलं. पण ती लोकप्रियता दारासिंगांची होती, आखाड्याची नव्हे. आजच्या यूएफसी आणि डब्ल्यूडब्ल्यूईचंही मला तसंच दिसतं. बेसबॉलच्या शोधस्पर्धेतून २००८ मध्ये पिट्सबर्ग पायरेट्सकडे गेलेला रिंकू सिंग दहा वर्षांनी डब्ल्यूडब्ल्यूईत उतरला आणि ‘वीर महान’ म्हणून घराघरांत पोचला. चेंडू फेकून त्याला हे नाव भारतात कधीच मिळालं नसतं. मात्र त्याच्या नावाने गल्लीत मंडळ उभं राहिलेलं नाही.

इथे कोल्हापूर वेगळं पडतं. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम ही तिथल्या फुटबॉल संघांची नावं. खासबागेत कुस्ती बघणारा माणूसच शाहू स्टेडियमवर पेठेसाठी घसा कोरडा करतो. त्याला दोहोंत निवड करावी लागलीच नाही. कलकत्त्यात आखाडा आणि क्लब यांचं असं नातं जुळलं नाही, त्याचा फटका गोबरबाबूंना बसला. २९ जुलै तिथे ‘मोहन बागान दिवस’ म्हणून साजरा होतो. ३० ऑगस्टही तितक्याच थाटात व्हायला हवा, आणि तो मोहन बागाननेच करावा.