शब्द अडखळतात तेव्हा

दिल्लीच्या वैशाखवणव्यात, सकाळपासून पोटात काही न घेता बाहेरची कामे उरकून परतलेल्या एखाद्या गृहिणीची कल्पना करा. प्रथम डोळ्यांपुढे चकाकणारी नागमोडी रेषा येते. काही वेळाने हाताला व ओठांना मुंग्या येतात आणि पाणी मागावयास जावे तो मुखातून भलताच शब्द निघतो. घरातील मंडळी घाबरून म्हणतात, ‘पक्षाघात!’

वाचकहो, हा कदाचित पक्षाघात नसेलही. अर्धशिशी म्हणजे केवळ कपाळशूळ नव्हे. काहींच्या मेंदूच्या पृष्ठभागावरून विद्युत्-क्रिया मंदावणारी एक लाट मिनिटाला सुमारे ३ मिलिमीटर इतक्या संथ गतीने सरकते. ब्राझीलचे शास्त्रज्ञ लेआँव यांनी १९४४ साली ती सशाच्या मेंदूत दाखवून दिली. ही लाट भाषेच्या केंद्रापाशी आली की शब्द हरवतात. ओसरली की, बहुधा तासाभरात, परत येतात. २०११ साली लॉस एंजेलिस येथील दूरचित्रवाणीच्या एका वार्ताहर महिलेची वाणी थेट प्रक्षेपणातच अशी अडखळली. पाहणाऱ्यांना तो पक्षाघात वाटला. वैद्यांचे निदान मात्र अर्धशिशीचे झाले.

अर्धशिशीची लक्षणे एकामागून एक, हळूहळू पसरतात. पक्षाघात बहुधा एकाएकी गाठतो. तथापि हा भेद घरी बसून ठरविण्याचा नव्हे. वाचा प्रथमच गेली असेल, तोंड वाकडे झाले असेल वा हात लुळा पडला असेल, तर घड्याळात वेळ पाहून ठेवा आणि ११२ क्रमांक फिरवा. रक्ताची गुठळी विरघळविणारे औषध साधारणतः पहिल्या साडेचार तासांतच देता येते, आणि दिल्लीच्या रहदारीत त्यातील एक तास कोठे गेला हे कळतही नाही. म्हणून नोएडा वा गुरुग्रामहून मोठ्या नावाच्या रुग्णालयाकडे धावण्यापेक्षा, मेंदूच्या स्कॅनची व या उपचाराची सोय असलेले जवळचे रुग्णालय गाठणे शहाणपणाचे. वाटेत पाणी वा गोळी देऊ नये. गिळताना ठसका लागण्याचे भय असते.

आणखी एक गोष्ट स्त्रियांनी ध्यानात ठेवावी. अर्धशिशीपूर्वी ज्यांना अशी लक्षणे दिसतात, त्यांना पक्षाघाताचा धोका मुळातच किंचित अधिक असतो. इस्ट्रोजेनयुक्त गर्भनिरोधक गोळ्यांनी तो वाढतो. ‘माला-एन’ ही त्याच प्रकारची गोळी होय. अशा भगिनींनी आपल्या डॉक्टरांना हे आवर्जून सांगावे. त्यांच्यासाठी तांबीसारखी इस्ट्रोजेनविरहित साधने सरकारी आरोग्यकेंद्रांत विनामूल्य मिळतात.