बोली समोरची आणि बोली पडद्यावरची

लिलाव आम्हा कापडवाल्यांना नवा नाही. गोदामातल्या गाठींचा हर्रास असो की बंद पडलेल्या गिरणीचे भंगार, बोली लावतच आमची उमर गेली. पण शौकासाठी बोली लावणे वेगळे, आणि मोबाईलच्या पडद्यावर बोली लावणे त्याहून वेगळे. हा फरक न समजल्यामुळे मी एकदा नुकसान सोसले. व्यापारी बांधवांपैकी अनेकांना जुनी नाणी, टपाल तिकिटे, जरीचे जुने कापड जमविण्याचा शौक आहे, म्हणून हे लिहीत आहे.

मी छाप गोळा करतो. छाप म्हणजे जुन्या काळी थानावर चिकटवीत तो रंगीत चित्राचा कागद. अक्षर न वाचणाऱ्या गिऱ्हाइकालाही माल ओळखता यावा म्हणून मँचेस्टरचे आणि मुंबईचे कापडवाले त्यावर हत्ती, वाघ, राजेरजवाडे, देवदेवता छापत. अब्बांच्या पेटीत अंबारीच्या हत्तीची एक छाप होती, अर्धी फाटलेली. तशीच अखंड छाप मिळावी ही माझी फार दिवसांची इच्छा.

समोरासमोरचा लिलाव

1998 साली एका बंद गिरणीच्या किरकोळ सामानाचा लिलाव झाला. सकाळी माल पाहण्याची मुभा होती. मी ट्रंक उघडून कागद चाचपले, पाठीमागचा गोंद पाहिला. दुपारी बोली सुरू झाली तेव्हा समोर चौघेजण होते. एक रद्दीवाला होता, त्याला फक्त वजनाशी मतलब. दुसरा दर बोलीला मागे वळून आपल्या भागीदाराकडे पाहत होता. त्याचा दम संपत आला हे कळत होते. मी दोनच पायऱ्या चढलो आणि ट्रंक माझ्या नावावर तुटली. समोरच्या लिलावात माल हाताला लागतो आणि माणूस डोळ्यांना दिसतो. तोटाही आहे. खरेदीदार ओळखीचे असले की आपसात संगनमत करून भाव पाडतात. शिवाय चारचौघांत माघार घेण्याची लाज वाटून माणूस ऐपतीबाहेर जातो.

पडद्यावरचा लिलाव

1995 साली अमेरिकेत पिअर ओमिड्यार यांनी इंटरनेटवर लिलावाचे दुकान उघडले, तेच पुढे ईबे झाले. तेथे विकलेली पहिली वस्तू म्हणजे एक बिघडलेला लेझर पॉइंटर, किंमत 14 डॉलर 83 सेंट. तेथील पद्धत अशी: आपण आपली कमाल रक्कम एकदाच गुपचूप सांगायची, यंत्र आपल्या वतीने गरजेपुरतीच बोली चढवते. समजा, मी 5,000 रुपये सांगितले, दुसऱ्याची कमाल 3,200 आहे आणि पायरी 100 ची आहे. तर माल मला 3,300 ला मिळेल, 5,000 ला नव्हे.

ही कल्पना इंटरनेटच्या आधीची आहे. 1893 मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातील तिकीट व्यापारी टपालाने बोली मागवून असाच हिशेब करीत. अर्थशास्त्रज्ञ विल्यम विक्री यांनी 1961 साली अशा लिलावाचे गणित मांडले; त्यांना 1996 चे नोबेल मिळाले. सार एवढेच की, आपली खरी किंमत एकदाच सांगण्यात नुकसान नाही.

मी नेमके उलटे केले. एका साइटवर अंबारीच्या हत्तीची अखंड छाप दिसली. मनात हद्द ठरवली 2,000. पण बाजारातल्या सवयीने 800 पासून थोडे थोडे चढवू लागलो. पलीकडे कोण आहे, कळायला मार्ग नाही. प्रत्येक वेळी कुणीतरी माझ्यावर चढे. शेवटच्या पाच मिनिटांत अब्बांची पेटीच डोळ्यांसमोर आली आणि हद्द विसरलो. 6,400 ला माल माझा झाला. त्यावर 15 टक्के कमिशन, म्हणजे 960. कर आणि टपाल निराळे. पाकीट उघडले तर कागद नवा. भिंगाखाली चार रंगांचे एकसारखे ठिपके, म्हणजे आजकालची ऑफसेट छपाई. जुन्या शिळाछापाचे ठिपके हाताने दिलेले, लहानमोठे असतात. फोटोत हे दिसले नव्हते, मी पाठीचा फोटो मागितला नव्हता, आणि ‘माल परत घेणार नाही’ ही अट वाचली नव्हती.

वेळेचा डाव

समोरच्या लिलावात बोली थांबते तेव्हा लिलाव संपतो. ईबेवर मात्र घड्याळ संपले की लिलाव संपला. म्हणून जाणकार शेवटच्या सेकंदांत बोली टाकतात, म्हणजे थोडे थोडे चढवणाऱ्याला उत्तर द्यायला वेळच उरत नाही. ॲमेझॉन पूर्वी लिलाव चालवीत असे, तेव्हा शेवटी बोली आली की दहा मिनिटे वाढवून मिळत. आल्विन रॉथ आणि ॲक्सेल ऑकेनफेल्स यांनी 2002 मध्ये दोन्हींची तुलना केली. अखेरच्या क्षणीची बोली ईबेवर जास्त आढळली. म्हणून आधी नियम वाचावा. वेळ वाढणार असेल, तर शेवटच्या सेकंदाची वाट पाहून काही हाती लागत नाही.

पडद्याआड बनावट बोलीचाही धोका असतो. विक्रेत्याचाच माणूस परक्या नावाने भाव चढवतो. यालाच नजश म्हणतात आणि ती आपल्याकडे मना आहे. साइटही मनाई करतात, पण नाव झाकलेले असल्याने पकडणे कठीण. त्यावर इलाज एकच, आपली हद्द.

ध्यानात ठेवावे

हद्द कागदावर लिहावी, कमिशन, कर आणि टपाल धरून. मालाचे दोन्ही बाजूंचे फोटो मागावेत. परतीची अट वाचावी. परदेशी विकणाऱ्यांनी 1972 चा पुरातन वस्तूंचा कायदा विसरू नये. शंभर वर्षांहून जुनी नाणी व कलावस्तू देशाबाहेर पाठवता येत नाहीत. जमल्यास मोठी खरेदी माल पाहूनच करावी. हल्ली समोरच्या लिलावातही मोबाईलवरून बोली घेतात. सकाळी माल पाहून दुपारी दुकानातून बोली लावता येते.

ती नकली छाप मी गल्ल्याच्या झाकणाला आतून चिकटवली आहे. पैसे काढताना रोज दिसते. अब्बांची फाटकी मात्र अजून पेटीतच आहे.