केटरिंगची पंचक्रोशी आणि पूर्वजांचा माग

मध्ययुगीन इंग्लंडमध्ये आठवडी बाजार भरवण्याचा हक्क राजाकडून मिळत असे आणि शेजारच्या बाजाराला धक्का लागणार नाही अशा बेताने तो द्यावा, असा संकेत होता. तेराव्या शतकातील ब्रॅक्टन याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कायदेग्रंथात दोन बाजारांमधील अंतर किमान पावणेसात मैलांच्या आसपास असावे, असे म्हटले आहे. त्यामागचा हिशेब साधा होता. माणूस दिवसभरात वीस मैल चालतो असे धरले, तर त्यातील एक तृतीयांश वेळ जाण्यात, एक तृतीयांश खरेदी-विक्रीत आणि उरलेला दिवस मावळण्याआधी घरी परतण्यात जाईल. इंग्लंडच्या ग्रामीण नकाशावर आजही ठरावीक अंतराने दिसणारी बाजारगावे अशा हिशेबाच्या जगात वाढली. या गावांमध्ये पूर्वजांचा शोध घेणाऱ्याने सर्वांत आधी ध्यानात घ्यावयाची गोष्ट ही, की त्याच्या कुटुंबाचे मूळ बहुधा एका गावात नसून एका बाजाराच्या पंचक्रोशीत असते.

लंडनच्या उत्तरेस शंभर-सव्वाशे किलोमीटरांवर, नॉर्थॅम्प्टनशर परगण्यात वसलेले केटरिंग हे या दृष्टीने अभ्यासण्याजोगे गाव आहे. पीटरबरोच्या मठाकडे या गावाची मालकी होती आणि १२२७ साली तिसऱ्या हेन्रीने मठाधिपतीला येथे बाजार भरवण्याची सनद दिली. अठराव्या शतकात येथील घरोघरच्या मागांवर लोकरीचे कापड विणले जाई. त्या शतकाच्या अखेरीस तो धंदा ओसरला आणि त्याची जागा पादत्राणांच्या धंद्याने घेतली. १८५७ साली रेल्वे आली आणि पुढे कारखाने उभे राहिले, तेव्हा १८०१ मध्ये तीन हजारांच्या आसपास असलेली वस्ती १९०१ पर्यंत अठ्ठावीस हजारांच्या वर गेली. एवढी माणसे आली कोठून, या प्रश्नाचे उत्तर स्थलांतराचे नियम मांडणाऱ्या ई. जी. रॅव्हन्स्टाइन यांनी १८८५ मध्येच सर्वसाधारणपणे देऊन ठेवले होते: बहुतेक स्थलांतरित फार दूर जात नाहीत, आणि वाढत्या गावात प्रथम त्याच्या लगतच्या खेड्यांतील लोक येतात.

या माणसांच्या सर्वांत जुन्या सलग नोंदी चर्चमध्ये सापडतात. आठव्या हेन्रीचा मंत्री टॉमस क्रॉमवेल याने १५३८ साली प्रत्येक पॅरिशला, म्हणजे एका चर्चच्या हद्दीत येणाऱ्या प्रदेशाला, बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची नोंदवही ठेवण्याचा हुकूम दिला. आरंभीच्या पुष्कळ वह्या गहाळ झाल्या किंवा ओलीने नासल्या आणि ज्या उरल्या त्यांत माहिती त्रोटक असते. त्यातच १७५२ पूर्वी इंग्लंडमध्ये कायद्याचे नवे वर्ष २५ मार्चला सुरू होत असल्याने जानेवारी-फेब्रुवारीतील नोंदींच्या सालात नवख्या अभ्यासकाची हटकून गल्लत होते. १७५४ पासून लागू झालेल्या हार्डविकच्या विवाह कायद्याने विवाहाच्या नोंदीखाली वधूवरांची आणि साक्षीदारांची सही किंवा निशाणी आवश्यक केली आणि १८१३ पासून बाप्तिस्म्याच्या छापील रकान्यांत पित्याचा व्यवसायही येऊ लागला. मातांच्या वाट्याला मात्र उपेक्षाच आली. १८३७ पासूनच्या विवाहनोंदीत वधूवरांच्या पित्यांची नावे आहेत, पण इंग्लंड आणि वेल्समध्ये मातांच्या नावांना तेथे जागा मिळण्यास मे २०२१ उजाडावे लागले. त्यामुळे मातृकुळाचा शोध पितृकुळाच्या शोधापेक्षा नेहमीच अवघड ठरतो.

या नोंदी काय सांगतात आणि काय दडवतात, हे मराठी वाचकाला परिचित असलेल्या एका नावावरून चांगले स्पष्ट होते. १८०५ मध्ये मराठी भाषेचे व्याकरण आणि १८१० मध्ये मराठी कोश बंगालमधील श्रीरामपूरहून प्रसिद्ध करणारे विल्यम कॅरी हे याच नॉर्थॅम्प्टनशरचे. टाऊस्टर या बाजारगावाजवळच्या पॉलर्सपरी खेड्यात १७६१ साली त्यांचा जन्म झाला. त्यांचे वडील आधी विणकर आणि पुढे शाळामास्तर व पॅरिशचे कारकून होते, आणि शिशुवयात कॅरींचा बाप्तिस्मा प्रस्थापित अँग्लिकन चर्चच्या रीतीने झाला. पुढे ते बॅप्टिस्ट पंथाकडे वळले. या पंथात तान्ह्या मुलाचा बाप्तिस्मा मान्य नसून जाणत्या वयात स्वतःच्या श्रद्धेने घेतलेलाच बाप्तिस्मा खरा मानतात, म्हणून १७८३ मध्ये नॉर्थॅम्प्टन येथे नेन नदीच्या पात्रात त्यांनी तो पुन्हा घेतला. अशा पंथांतील कुटुंबांची मुले पॅरिशच्या वहीत बहुधा सापडत नाहीत. त्यांच्या जन्माच्या नोंदी त्या त्या पंथाच्या प्रार्थनागृहात होत आणि त्यांतील बऱ्याच वह्या १८३७ नंतर सरकारजमा होऊन आता लंडनमधील क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. विवाहाचे मात्र उलट होते, कारण हार्डविकच्या कायद्याने ज्यू आणि क्वेकर वगळता सर्वांनाच अँग्लिकन चर्चमध्ये विवाह करणे भाग पाडले होते. कॅरींचा विवाह १७८१ मध्ये पिडिंग्टनच्या चर्चमध्ये झाला आणि वधू डॉरोथी प्लॅकेट हिने सहीच्या जागी फुली केली. त्या एका फुलीतून तिला लिहिता येत नव्हते एवढे कळते. १७९३ मध्ये त्याच स्त्रीला बंगालची वाट धरावी लागली आणि १८०७ मध्ये श्रीरामपूरला तिचा अंत झाला, याचा पत्ता पिडिंग्टनच्या वहीला कधीच लागला नाही.

कॅरींचे भारतात येण्यापूर्वीचे मुक्काम पाहिले तर रॅव्हन्स्टाइन यांचा नियम त्यांनाही लागू पडतो. पॉलर्सपरी, हॅकल्टन, मोल्टन आणि शेवटी शेजारच्या परगण्यातील लेस्टर, असे सारे मुक्काम एकमेकांपासून पायी गाठण्याजोग्या अंतरावर आहेत, आणि चांभारकी, शिक्षकी व धर्मोपदेश हे तिन्ही उद्योग त्यांनी या टापूतच केले. कॅरींना बंगालला धाडणाऱ्या बॅप्टिस्ट मिशनरी सोसायटीची स्थापना २ ऑक्टोबर १७९२ रोजी झाली ती केटरिंगमध्ये, आणि तिचे पहिले चिटणीस अँड्र्यू फुलर हे केटरिंगच्याच बॅप्टिस्ट मंडळीचे पाळक होते. एखाद्या बाजारगावात पंथ, धंदा आणि नातीगोती किती घट्ट गुंतलेली असत, हे त्यावरून दिसते, आणि म्हणून पूर्वज कोणत्या प्रार्थनागृहात जात होता हे कळणे तो कोणत्या गल्लीत राहत होता हे कळण्याइतकेच महत्त्वाचे आहे.

प्रसिद्ध माणसांची चरित्रे लिहिली जातात. गरिबांच्या बाबतीत हे काम नकळत १६६२ च्या वस्तीविषयक कायद्याने केले. निराधार माणसाला पोसण्याची जबाबदारी त्याच्या हक्काच्या पॅरिशवर असल्यामुळे प्रत्येक पॅरिश ती दुसऱ्यावर ढकलण्याच्या प्रयत्नात असे आणि परगावाहून आलेला माणूस ओझे होईल अशी शंका येताच न्यायाधीशांपुढे त्याची चौकशी होई. जन्म कोठला, उमेदवारी कोणाकडे केली, सलग वर्षभर चाकरी कोठे झाली, भाडे किती भरले, अशा प्रश्नांना दिलेली उत्तरे शपथेवर लिहून घेतली जात. त्या काळातील शेतमजुराचे वा विधवेचे आयुष्य इतक्या तपशिलाने दुसऱ्या कोणत्याही कागदात सापडत नाही. माणसाला हाकलून देण्यासाठी केलेला कागद त्याच्या वंशजांना सर्वांत मोलाचा वाटावा, हा इतिहासाचा क्रूर विनोदच म्हणावा लागेल. तितकीच उपयुक्त आहे ती १७७७ सालची नॉर्थॅम्प्टनशरची लष्करभरतीची यादी. स्थानिक सैन्यदलासाठी अठरा ते पंचेचाळीस वयाच्या पुरुषांची नावे गावकामगारांनी लिहून दिलेली असून बहुतेकांपुढे धंदाही नोंदवला आहे, त्यामुळे विणकरांच्या घरांची मुले पुढे जोडे कधी शिवू लागली, याचा अदमास बांधता येतो.

१ जुलै १८३७ पासून जन्म, विवाह आणि मृत्यू यांची सरकारी नोंदणी सुरू झाली आणि येथेच बाजारगावासंबंधीचा सर्वांत मोठा गैरसमज जन्माला आला. १८३४ च्या गरीब कायद्याने अनेक पॅरिश एकत्र करून त्यांचे संघ बनवले होते. अशा संघाचे केंद्र बहुधा बाजारगाव असे आणि निराधारांना कामाच्या बदल्यात ठेवून घेणारे वर्कहाउसही तेथेच बांधले जाई. नव्या नोंदणीचे जिल्हे ठरवताना सरकारने हीच आखणी उचलली. परिणामी आसपासच्या खेड्यांत जन्मलेल्या असंख्य मुलांच्या नावापुढे सरकारी सूचीत केवळ 'केटरिंग' असे लागले आणि त्यांचे वंशज आज केटरिंगच्या चर्चमध्ये त्यांचा बाप्तिस्मा शोधत बसतात. अशा वेळी जन्माचा पूर्ण दाखला मागवून त्यावरील खेड्याचे नाव पाहणे आवश्यक असते. त्यातही १८७४ च्या कायद्याने पालकांवर दंडाची टांगती तलवार येईपर्यंत बरेच जन्म नोंदवलेच गेले नव्हते.

दर दहा वर्षांच्या जनगणनेतून हे चित्र भरत जाते. १८०१ ते १८३१ च्या गणनांत मुख्यतः आकडे आहेत आणि १८४१ पासून देशभर नावे येतात, पण त्या वर्षी पंधरापेक्षा मोठ्या माणसांची वये पाचाच्या पटीत खाली आणून लिहिण्याची सूचना होती, म्हणून एकोणचाळिसाव्या वर्षाचा माणूस पस्तिशीचा दिसतो. १८५१ पासून कुटुंबप्रमुखाशी असलेले नाते आणि जन्माची पॅरिश लिहिली जाऊ लागली, आणि १९११ पासून घरमालकाने स्वहस्ते भरलेले तक्ते जपून ठेवले असल्याने पणजोबांचे हस्ताक्षरच पुढ्यात येते. केटरिंगच्या तक्त्यांतील धंद्यांच्या नावांनी परका वाचक गोंधळतो. 'क्लिकर' हा जोड्याच्या वरच्या भागासाठी कातडे बेतून कापणारा कारागीर होता, 'क्लोजर' ते तुकडे शिवून जोडी, तर 'लास्टर' ते कातडे पायाच्या आकाराच्या ठोकळ्यावर ताणून बसवी. शिवणीचे काम बहुतांशी स्त्रिया घरी बसून करीत, परंतु त्यांच्या नावापुढचा रकाना पुष्कळदा कोराच सोडलेला असतो. कोरा रकाना म्हणजे बिनकामाची स्त्री, असा अर्थ काढणे हा संशोधकाचा आळस होय.

बाजाराची पंचक्रोशी नेमकी किती होती, हे व्यापारी निर्देशिकांवरून समजते. एकोणिसाव्या शतकात केलीसारख्या प्रकाशकांनी काढलेल्या या पुस्तकांत दुकानदारांच्या नावांबरोबरच कोणत्या खेड्याचा मालवाहू गाडीवाला कोणत्या वारी येतो आणि कोणत्या खानावळीच्या अंगणात गाडी सोडतो, हेही छापलेले असते. केटरिंगमध्ये एखादा विवाह सापडला नाही, तर या गाडीवाल्यांच्या खेड्यांची यादी करून त्या त्या पॅरिशच्या वह्या चाळणे, हा कोणत्याही संगणकीय शोधापेक्षा खात्रीचा मार्ग आहे. नॉर्थॅम्प्टनशरच्या वह्या नॉर्थॅम्प्टन येथील परगण्याच्या अभिलेखागारात ठेवलेल्या आहेत. त्यांच्या जोडीला १७२० मध्ये सुरू झालेले नॉर्थॅम्प्टन मर्क्युरी हे वृत्तपत्र दिवाळखोरी, लिलाव आणि अपघातांच्या बातम्यांतून सामान्यांची नावे पुरवते. याउलट आडनावाच्या नावाने विकली जाणारी कुलचिन्हे निव्वळ दुकानदारी आहे, कारण इंग्लंडमध्ये कुलचिन्ह आडनावाला दिले जात नाही, विशिष्ट व्यक्तीला आणि तिच्या वंशजांना दिले जाते.

कागदांत न सापडणारे पुष्कळ काही वृद्धांच्या आठवणींत असते. सफोक परगण्यातील एका खेड्याच्या जुन्या शेतमजुरांशी बोलून जॉर्ज इवार्ट एव्हन्स यांनी १९५६ मध्ये पुस्तक प्रसिद्ध केले, तेव्हापासून इंग्लंडमध्ये अशा आठवणींना अभ्यासाची प्रतिष्ठा मिळू लागली आणि १९७३ मध्ये मौखिक इतिहासाची राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. परसातील छपरीत चालणारे जोडेकाम, शनिवारी रात्री उशिरापर्यंत राबून सोमवारी सुट्टी घेण्याची चांभारांची जुनी रीत, सहकारी दुकानातील उधारी, हे कोणत्याही रकान्यात बसणारे विषय नव्हेत. केटरिंगजवळच्या ग्रॅफ्टन अंडरवुड येथील धावपट्टीवरून १७ ऑगस्ट १९४२ रोजी अमेरिकेच्या आठव्या वायुदलातील अवजड बाँबफेकी विमानांची युरोपवरील पहिली मोहीम निघाली, हे सरकारी दप्तरात आहे, परंतु त्या काळी खेड्यात येऊन राहिलेल्या परदेशी तरुणांविषयी गावाला काय वाटत होते, ते सांगणारी माणसे आता थोडीच उरली आहेत. आठवणीवर आंधळा विश्वास मात्र ठेवता येत नाही. ती दोन आजोबांचा एक आजोबा करते, कारखान्यातील मुकादमाला मालक बनवते आणि विवाहापूर्वी जन्मलेल्या मुलाविषयी सोयीस्कर मौन पाळते. त्यामुळे सांगितलेली गोष्ट लिहून घ्यावी, सांगणाऱ्याचे नाव आणि तारीख तिच्याखाली घालावी आणि मगच ती कागदाशी ताडून पाहावी, ही शिस्त जाणकार पाळतात.

विसाव्या शतकासाठी आठवणींवाचून दुसरा उपायही थोडा आहे. इंग्लंडमध्ये जनगणनेचे तक्ते शंभर वर्षे बंद ठेवले जातात आणि त्यानुसार १९२१ चे तक्ते जानेवारी २०२२ मध्ये खुले झाले. १९३१ चे तक्ते डिसेंबर १९४२ मध्ये गोदामाला लागलेल्या आगीत जळाले आणि १९४१ मध्ये युद्धामुळे गणना झालीच नाही. सप्टेंबर १९३९ मध्ये ओळखपत्रांसाठी केलेली राष्ट्रीय नोंदणी तेवढी मध्ये आधाराला आहे, पण तीत नात्यांचा उल्लेख नाही. याच नियमाने १९५१ ची जनगणना २०५२ मध्ये पाहता येईल, आणि केटरिंगच्या कारखान्यांत युद्धापूर्वी कामाला लागलेल्यांपैकी तेव्हा कोणीही हयात नसेल. ज्यांच्या घरात ती पिढी, किंवा तिच्याकडून ऐकलेले सांगणारी पुढची पिढी अजून बोलती आहे, त्यांनी अभिलेखागाराची वाट धरण्याआधी तिच्याजवळ बसावे.