गरोदरपणातील ताप अंगावर काढू नका

संत ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीचा सोलापूर जिल्ह्यातील पहिला मुक्काम नातेपुते येथे असतो. पावसाळ्याच्या तोंडावर लाखो वारकरी येथून पंढरपूरकडे जातात. या दिवसांत शुद्ध पाणी आणि डासांचा बंदोबस्त सर्वांसाठीच महत्त्वाचा असतो. गरोदर स्त्रीच्या बाबतीत मात्र प्रश्न दोन जिवांचा असतो. कोणत्या विषाणूची लागण कितव्या महिन्यात झाली, यावर धोक्याचे स्वरूप ठरते.

पहिले तीन महिने

या काळात बाळाचे अवयव घडत असतात. रुबेला झालेल्या आईला बारीक ताप आणि अंगावर पुरळ एवढाच त्रास होतो. बाळाला मात्र जन्मजात मोतीबिंदू, बहिरेपणा किंवा हृदयदोष होऊ शकतो. पहिल्या १२ आठवड्यांत संसर्ग बाळापर्यंत पोचण्याची शक्यता ९० टक्क्यांपर्यंत असते. त्यावर औषध नाही. लस आहे, पण ती गरोदरपणात देता येत नाही. लस घेतल्यानंतरही किमान एक महिना गर्भधारणा टाळावी लागते. राज्यात नोव्हेंबर २०१८ मध्ये सुरू झालेली गोवर-रुबेला लसीकरण मोहीम १५ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी होती. त्या वेळी त्याहून मोठ्या असलेल्या मुली मोहिमेबाहेर राहिल्या. त्यांनी लग्नानंतर, मुलाचा विचार करण्यापूर्वीच लसीबाबत डॉक्टरांचा सल्ला घेणे हिताचे.

झिकाचा प्रसार एडिस डासांमुळे होतो. राज्यातील पहिला रुग्ण जुलै २०२१ मध्ये पुरंदर तालुक्यातील बेलसर येथे आढळला. २०२४ मध्ये पुणे शहरात झालेल्या उद्रेकात अनेक गरोदर स्त्रियांना लागण झाली. बहुतेकांमध्ये या आजाराची लक्षणे दिसतच नाहीत. लागण झालेल्या प्रत्येक आईच्या बाळात दोष येतो असे नाही; परंतु काही बाळांच्या मेंदूची वाढ खुंटते व डोके लहान राहते. त्यामुळे सोनोग्राफीद्वारे वाढीवर लक्ष ठेवावे लागते.

शेवटचे तीन महिने

दूषित पाण्यातून पसरणारी 'हिपॅटायटिस ई' ही कावीळ एरवी बहुधा आपोआप बरी होते. शेवटच्या तीन महिन्यांत मात्र ती आईच्याच जिवावर बेतते. या अवस्थेत २० ते २५ टक्के मातांचा मृत्यू होऊ शकतो. म्हणून पाणी उकळूनच प्यावे. डोळे पिवळे दिसताच कावीळ उतरवून घेण्यात किंवा झाडपाल्यात वेळ न दवडता थेट रुग्णालय गाठावे.

प्रसूतीच्या वेळी

'हिपॅटायटिस बी' प्रामुख्याने प्रसूतीदरम्यान बाळाला होतो आणि बहुधा आयुष्यभर राहतो. आईच्या रक्ततपासणीत तो आढळल्यास बाळाला जन्मानंतर २४ तासांच्या आत लस आणि इम्युनोग्लोब्युलिनचे इंजेक्शन दिले जाते. तपासणीच झाली नसेल, तर ही संधी हुकते.

प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होते. ताप, पुरळ किंवा कावीळ दिसल्यास मात्र ९ तारखेची वाट पाहू नये. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे आणि कितवा महिना सुरू आहे, हे आवर्जून सांगावे.